उष्म्याची वाट

मराठवाड्यातील वैशाख कोणाची भीड बाळगीत नाही. सकाळी आठ वाजताच ऊन अंगणात ठाण मांडून बसते आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. शेते नांगरून उघडी पडलेली असतात. त्या काळ्या ढेकळांवरून येणारा वारा भट्टीच्या तोंडावरून आल्यासारखा अंगाला चाटून जातो. अशा दिवसांत माणसाला अन्नाच्या आधी गारव्याची आठवण होते. कोणी कडुनिंबाच्या सावलीचा आश्रय घेतो, कोणी दाराला ओले गोणपाट बांधतो. आणि घराच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर बसवलेला माठ तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाइतका मान मिळवतो.

या माठाचे मोठे नवल आहे. त्यात कोणी बर्फ घालीत नाही, त्याला कोणी वारा घालीत नाही. तरीही त्यातले पाणी गार होते. याचे कारण त्याच्या मातीत आहे. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते आणि त्याची वाफ होऊन ते हवेत निघून जाते. पण पाण्याला वाफ व्हावयाचे तर उष्णता हवी. ती ते माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेते व जाताना बरोबर घेऊन जाते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करावयास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने बर्फासारखे थंड असलेले पाच ग्रॅम पाणी उकळीला येऊ शकते! वाफेत दडून बसणाऱ्या या उष्णतेचा शोध अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने लावला. आपल्या कुंभाराला तिचे नाव ठाऊक नव्हते; पण तिचे काम मात्र त्याला शेकडो वर्षे ठाऊक होते. माठ थंडी निर्माण करीत नाही. तो उष्म्याला बाहेर जाण्याची वाट करून देतो.

पुढे यंत्रयुगात याच तत्त्वावर हवा गार करणारी यंत्रे तयार झाली. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी असे एक यंत्र योजले. गंमत अशी, की ते माणसांच्या सुखासाठी नव्हतेच. दमट हवेत कागद फुगे व आकसे, त्यामुळे रंग नेमक्या जागी बसत नसत. ती हवा काबूत आणण्यासाठी ही सारी खटपट होती. मोटारीत हे यंत्र बसवून देण्यास १९३९ च्या सुमारास पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने आरंभ केला. त्या काळी ते बंद करावयाचे तर गाडी थांबवून, इंजिनावरचे झाकण उघडून, यंत्राचा पट्टाच काढून ठेवावा लागे. एके काळी धनिकांच्या गाडीत बसणारे ते यंत्र आज खेड्यापाड्यांतल्या भाड्याच्या गाडीतही आढळते.

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. नावातच बाजार असल्यामुळे येथे माणसांची आणि वाहनांची वर्दळ असते. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घेऊन परतणारे भाविक, हळदीची पोती घेऊन निघालेले शेतकरी, परभणीच्या किंवा नांदेडच्या दवाखान्यात जाणारे रुग्ण, असे सर्व प्रकारचे प्रवासी या भागातल्या रस्त्यांवर भेटतात. अशा गावाच्या रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराचे एखादे गॅरेज असावयाचेच. त्यात तेलाने काळवंडलेले एक बाक असते, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने असतात, आणि एक मिस्त्री असतो.

अशाच एका गॅरेजातले मिस्त्री साठी ओलांडलेले होते. सारा गाव त्यांना मामा म्हणे. बोलणे कमी, पाहणे अधिक, अशी त्यांची रीत. त्यांच्या हाताखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेला एक तरुण काम करी. त्याचा हात चपळ होता. पण मन हाताहूनही चपळ. रोगाचे नाव कानी पडण्यापूर्वीच त्याच्या हाती औषध आलेले असे.

वैशाखातल्या एका दुपारी एक गाडीवाला घाईघाईने आला. गाडी भाड्याने चालवून तो आपला प्रपंच चालवीत असे. घाम पुसत तो म्हणाला, “मामा, गाडी गारच होत नाही. उद्या परभणीच्या दवाखान्यातून एक बाळंतीण आणायची आहे. बाळ नऊ दिवसांचं आहे. दवाखाना बारा वाजता सोडणार म्हणतो. एवढ्या उन्हात लेकरू कसं आणू? तुम्ही एवढा गॅस भरून द्या. पैसे मोजूनच आणले आहेत.”

त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून दाखवल्या. दोन दिवसांच्या भाड्याची ती कमाई होती. तरुण लगेच उठला आणि गॅसचे नळकांडे ओढू लागला.

“थांब,” मामा म्हणाले. “रोग्यानं औषधाचं नाव सांगितलं, म्हणून वैद्य लगेच पुडी बांधतो का? आधी नाडी तर पाहू.”

मग ते गाडीवाल्याकडे वळले. “भाऊ, गाडी मुळीच गार करत नाही, की कधी करते आणि कधी नाही?”

गाडीवाला विचारात पडला. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मोकळ्या रस्त्याला पळत असली, की बरी गार करते. फाट्यावर नाहीतर बाजारात उभी राहिली, की गरम वारा फेकते.”

“वारा जोरात येतो का मंद?”

“वारा जोरातच येतो मामा, पण गार नसतो.”

मामा तरुणाला म्हणाले, “ऐकलंस? अर्धं निदान झालं. आता तू सांग, पळताना गाडीला काय मिळतं, जे उभी असताना मिळत नाही?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी गाडीच्या पोटात काय चालते ते समजून घेतले पाहिजे. बाजारातला हमाल आपण पाहतो. तो आतले पोते उचलतो, बाहेर नेऊन ठेवतो, मोकळ्या पाठीने परत येतो आणि पुन्हा दुसरे पोते उचलतो. गाडीतला गॅस हा असाच एक हमाल आहे. फरक एवढाच, की तो धान्याऐवजी उष्णता वाहतो. पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए या नावाचा गॅस असतो. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली तो शून्याखाली २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. गाडीच्या पुढच्या फळीमागे नळ्यांची एक जाळी असते. तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तेथे द्रवरूप गॅस कमी दाबाखाली उकळून वायुरूप होतो आणि माठातल्या पाण्याप्रमाणेच भोवतालची उष्णता उचलतो. आतला पंखा त्या जाळीवरून वारा सोडतो आणि तो गार वारा प्रवाशांना मिळतो.

आता हमालाने ओझे उचलले. पण ते उतरवावयाचे कोठे? बाहेर तर आतल्याहूनही कडक ऊन! येथे कॉम्प्रेसर मदतीला येतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे हे यंत्र गॅसला दाबते. त्यामुळे गॅस बाहेरच्या उन्हाहूनही अधिक तापतो. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. म्हणून गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सर नावाच्या दुसऱ्या जाळीत हा तापलेला गॅस आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन टाकतो व पुन्हा द्रवरूप होतो. पुढे एका बारीक झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो आणि नव्या ओझ्यासाठी आत जातो. हा फेरा अखंड चालू असतो. हमालाला बाहेर ओझे उतरवता आले नाही, तर आतले नवे ओझे तो उचलणार कसा?

तरुणाचे डोळे चमकले. “पळताना समोरून वारा मिळतो, मामा! उभ्या गाडीला तो मिळत नाही. तेव्हा कंडेन्सरवर पंख्यानं वारा घालावा लागतो.”

“मग जा, पंख्याची चौकशी कर.”

परंतु मामांनी त्याला थेट पंख्याकडे जाऊ दिले नाही. त्यांनी सारे क्रमाने पाहावयास लावले. आत येणारा वारा गाळणारा फिल्टर काढला. त्यावर धूळ होती. पण वारा कोंडण्याइतकी नव्हती. ती झटकली. कॉम्प्रेसरचा पट्टा दाबून पाहिला. तो ताठ होता. बाहेरची गरम हवा आत घेणारी कळ चुकून उघडी राहिली आहे काय, तेही पाहिले. मग गाडी सुरू केली. कॉम्प्रेसर खट्‌कन आवाज करून फिरू लागला. कंडेन्सरमागचा पंखा मात्र गप्प उभा होता.

“सापडलं!” तरुण ओरडला.

“एक चोर सापडला,” मामा म्हणाले. “घरात दुसरा नाही कशावरून?”

त्यांनी दाब मोजणाऱ्या दोन घड्याळांच्या नळ्या जोडल्या. निळे घड्याळ कमी दाबाचे, लाल अधिक दाबाचे. लाल घड्याळाचा काटा चढत चढत गेला आणि थोड्याच वेळात कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. दाब धोक्याच्या रेषेपाशी जाताच यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी श्वास रोखला होता.

“गॅस कमी असता, तर दोन्ही काटे खाली लोळले असते,” मामांनी समजावले. “इथं हमाल पुरेसे आहेत, वाट बंद आहे. अशा वेळी आणखी गॅस भरणं म्हणजे दारात अडकलेल्या हमालाच्या डोक्यावर दुसरं पोतं देणं. दाब आणखी वाढला असता आणि कॉम्प्रेसरच हातचा गेला असता.”

गाडीवाल्याने हातातल्या नोटांची घडी नकळत घट्ट धरली.

गाडी बंद केली. पंखा कोणत्याही क्षणी आपोआप फिरू लागतो, म्हणून मामांनी प्रथम बॅटरीची तार सोडली आणि मगच हात आत घातला. फ्यूज शाबूत होता. पण पंख्याकडे जाणाऱ्या तारेच्या जोडावर हिरवट गंज चढला होता. ओल्या जागी तांब्याची भांडी पडून राहिली, म्हणजे चढतो तसाच. त्यातून वीज पुढे जात नव्हती. जोड घासून लख्ख केला, घट्ट बसवला, आणि पंखा गरगर फिरू लागला.

तरीही मामा उठले नाहीत. त्यांनी कंडेन्सरच्या जाळीवर विजेरीचा प्रकाश टाकला. जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये गव्हाचा भुसा होता, मेलेले किडे होते, आणि त्या सर्वांवर पिवळ्या धुळीचा एक थर घट्ट बसला होता.

“ही पिवळी माती कुठली?” तरुणाने विचारले.

गाडीवाला ओशाळून हसला. “चैत्रात आमच्या वाड्यासमोर हळद पॉलिश करायचं यंत्र चालू होतं. गाडी तिथंच उभी असायची.”

हळद या मुलखाचे सोने. जवळच्या वसमतची हळद तर दूरवर प्रसिद्ध आहे. शिजवून वाळवलेली हळद फिरत्या पिंपात घासून चकचकीत करतात, तेव्हा तिचा भुरका आसमंतात उडतो. तो अंगावर पडला तर कोणी तक्रार करीत नाही. पण गाडीच्या जाळीत शिरला, म्हणजे तिचा श्वास कोंडतो. मामांनी पाण्याची नळी हलक्या धारेने आतून बाहेर सोडली. जोराच्या धारेने ते पातळ पत्रे वाकतात, म्हणून घाई नाही. पिवळे पाणी वाहू लागले आणि पुष्कळ वेळाने ते निर्मळ झाले. जे पत्रे वाकलेले होते, ते तरुणाने बारीक दातांच्या फणीने एकेक सरळ केले. त्याच्या चपळ हातांना त्या दिवशी प्रथमच सावकाशीची गोडी लागली असावी.

शेवटी मामांनी नळ्यांचे सांधे तपासले. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. गळती असेल तेथे तेलाचा डाग पडतो व त्यावर धूळ चिकटते. असा डाग कोठे नव्हता. साबणाच्या पाण्याला बुडबुडेही आले नाहीत. गॅस हा पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो फक्त फिरत राहतो. तो फार कमी झाला, तर कोठेतरी गळत आहे एवढाच त्याचा अर्थ. ती गळती न बुजवता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

आणि हे ओतलेले पाणी जमिनीत मुरते, गॅस मात्र आकाशात जातो. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस वापरीत. तो ना पेट घेई, ना विषारी होता. म्हणून सर्वांनी त्याला निर्धोक मानले. परंतु १९७४ साली मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की अशा वायूंमुळे उंचावरच्या ओझोन थराचा नाश होतो. हा थर सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीवरील जिवांचे रक्षण करतो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी या वायूंना आवर घालण्याचा करार केला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. १६ सप्टेंबर हा आज ओझोन दिन म्हणून पाळला जातो. मराठवाड्यातील मुले १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन करतात, त्याचा हा आदला दिवस. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. म्हणून २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीने त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. छपराखालचा एक मिस्त्री सांधा नीट तपासतो, तेव्हा तो एका गाडीबरोबर आकाशाचीही थोडी काळजी घेत असतो.

गाडी पुन्हा सुरू झाली. मामांनी ती मुद्दाम उन्हात उभी ठेवली. लाल घड्याळाचा काटा थोडा चढला आणि योग्य जागी स्थिरावला. आतल्या झरोक्यापाशी धरलेल्या तापमापकातला पारा हळूहळू खाली उतरू लागला. गाडीवाल्याने झरोक्यापुढे तळहात धरला आणि तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

“मामा, गॅसचे पैसे घ्या.”

“गॅस भरलाच नाही, तर त्याचे पैसे कसले? पोराच्या मेहनतीचे तेवढे दे.” आणि ते सांगू लागले, “उद्या गाडी सावलीला उभी कर. निघण्याआधी दोन मिनिटं सगळी दारं उघडी ठेव. कोंडलेला उष्मा आधी बाहेर जाऊ दे. मग काचा लाव, आणि आतलीच हवा फिरवायची कळ दाब. अन् एक लक्षात ठेव. बंद गाडीत लेकराला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. उन्हात उभी गाडी बघता बघता चुलीसारखी तापते.”

गाडीवाला गेल्यावर तरुणाने हळूच विचारले, “मामा, गॅस भरून दिला असता, तरी त्याला काय कळलं असतं?”

मामा पाना पुसत होते. ते म्हणाले, “त्याला कळलं नसतं. गाडीला कळलं असतं. आणि उद्या दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली असती, तेव्हा त्या नऊ दिवसांच्या लेकराला कळलं असतं.”

तरुण काही बोलला नाही. त्याने गॅसचे नळकांडे उचलून मूळच्या जागी नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी परभणीहून परतताना ती गाडी गॅरेजसमोर क्षणभर थांबली. ऊन मी म्हणत होते. मागच्या आसनावर बाळंतीण टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर बाळ शांत झोपले होते. गाडीवाला खाली उतरला. तोच गाडीखालच्या धुळीत टपटप पाणी पडताना पाहून त्याच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

“मामा, हे काय गळतंय?”

मामांनी उत्तर दिले नाही, तरुणाकडे पाहिले. तरुण गाडीजवळ आला, वाकला आणि त्याने ते पाणी बोटावर घेऊन पाहिले. त्याला ना रंग होता, ना तेलाचा ओशटपणा.

“काही बिघडलेलं नाही, भाऊ,” तो सावकाश म्हणाला. “गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच हे. आतल्या हवेतली वाफ थंड जाळीवर पाणी होते आणि खाली पडते. हे पाणी पडतंय, म्हणजे गाडी आपलं काम नीट करते आहे. आता उशीर करू नका. बाळाला घरी न्या.”

गाडी गावाकडे निघाली. रस्त्याच्या तापलेल्या धुळीत ओल्या थेंबांचा एक लहानसा डाग तेवढा उरला होता, आणि वैशाखाचे ऊन तोही उचलून नेत होते.